जाड्या-रड्या रंगमंचावर

श्रोतेहो, ज्यांना आपण ‘जाड्या-रड्या’ म्हणतों, त्या हार्डी आणि लॉरेल या जोडीनें १९२७ पासून पडद्यावर साऱ्या जगाला हंसविलें. परंतु या जोडीचें खरें मोल रंगमंचावर दिसून आलें, असें मला वाटतें.

१९४७ च्या फेब्रुवारींत हे दोघे इंग्लंडांत आले. कडाक्याची थंडी, कोळशाची टंचाई, मोजक्या शिध्याचे दिवस! तरी लोक नाट्यगृहांत लोटले. प्रवेश तरी काय? हार्डीला मोटार हांकण्याचा परवाना हवा आणि लॉरेल त्याला साह्य करणार! साह्य म्हणजे घोटाळा, हें प्रेक्षक आधींच जाणून होते.

विनोदाला नावीन्य लागतें, असें म्हणतात. येथें तो नेकटायशीं चाळा, तें रडवें तोंड, सारें ओळखीचें, म्हणूनच प्रिय. पडद्यावरचा नट म्हातारा होत नाहीं; रंगमंचावरचा आपल्याबरोबर म्हातारा झालेला दिसतो. दोघांनींही तेव्हां पन्नाशी ओलांडली होती.

१९५३ त आयर्लंडांतील कोव्ह बंदरीं त्यांची बोट लागली, तेव्हां तेथील कॅथीड्रलच्या घंटांनीं त्यांचीच धून वाजविली. पुढें १७ मे १९५४ रोजीं प्लिमथला आजारी हार्डी रंगमंचावर उभे राहिले. तोच अखेरचा प्रयोग ठरला. १९५७ त ते वारले. लॉरेल १९६५ पर्यंत जगले. पण जोडीदारावांचून पुन्हां रंगमंच चढले नाहींत.

म्हणून श्रोतेहो, जुन्या विनोदी नटांचा प्रयोग गांवीं आला, तर ‘तेंच तें’ म्हणून नाक मुरडूं नये. तेंच तें पाहावयास मिळण्याचे दिवसही मोजकेच असतात.