आठवी पास झालो, नववी कुठंय?

मागून ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. चाकणमध्ये राहतोय, शांतता कुठून आणू? आज बोलायचंय नववीच्या ॲडमिशनबद्दल.

आम्ही मूळचे जिंतूरकडचे. पप्पा कंपनीत कंत्राटी कामगार, खोली भाड्याची. धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवी पास झाला. तिथे नववी नाही. जवळच्या अनुदानित शाळेत गेलो, तर उत्तर आलं, "तुकडी फुल्ल आहे." इंग्रजी शाळेत जागा होती, पण फीचा आकडा ऐकून आई काही न बोलता उठली. शेवटी भावाला आजीकडे पाठवलं. ज्याच्या शिक्षणासाठी गाव सोडलं, तोच परत गावाला!

मला वाटलं, आम्हीच उशिरा गेलो. मग नियम वाचले तेव्हा हिशोब कळला.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात मोफत शिक्षणाची हमी ६ ते १४ वर्षांपर्यंत, म्हणजे पहिली ते आठवी. पुढची नववी-दहावी आपल्या भागात मुख्यतः संस्थांच्या अनुदानित शाळांवर चालते. शाळा संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारचा. शिक्षक किती, हे पटावरच्या मुलांवरून 'संच मान्यते'त ठरतं. पण ज्याला प्रवेशच मिळाला नाही, तो पटावर येणार कसा? आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली जी नवी शाळा निघते, तिला सरकार परवानगी देतं, पगार देत नाही. म्हणजे खर्च फीमधून.

आता हे जोडून बघा. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, एकामागून एक कंपन्या आल्या. २०१५ मध्ये चाकणची नगरपरिषद झाली. खोल्या वाढल्या, माणसं वाढली. नववीच्या नव्या जागा मात्र वाढल्या त्या जास्त करून फीवाल्या.

इंद्रायणी ओलांडून मोशीत जा, तिथे पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द. ही महापालिका स्वतःच्या माध्यमिक शाळा चालवते. कामाला सगळे त्याच कंपन्यांत, पण पोराची नववी नदीच्या कुठल्या काठाला खोली मिळाली यावर!

कुणी म्हणेल, कंपन्या सीएसआर देतात की. देतात, आणि त्यातून वर्गखोल्या होतात, संगणक येतात. पण अनुदानित शिक्षकाचं पद मंजूर करणं सरकारच्याच हातात आहे.

आपल्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेनं २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार मिळवला. लोक मागे उभे राहिले की सरकारी शाळा काय करू शकते, हे आपण बघितलंय. तोच जोर आता नववीसाठी लावूया.

म्हणून एक काम सांगतो. ग्रामसभा असो की नगरपरिषद, दोनच आकडे लेखी मागा: यंदा आपल्याकडे आठवी पास मुलं किती, आणि अनुदानित नववीच्या जागा किती? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे माझ्या भावासारखी पोरं.

तो आता दहावीत आहे. रात्री व्हिडिओ कॉलवर गणितं विचारतो. रेंज गेली की आई फोन घेऊन गच्चीवर जाते.

तुमच्या गावचे आकडे मिळाले की मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!