तोफांची टेकडी आणि आपली बारव

वालूरच्या बचत गटांच्या वतीनं आज आम्ही बोलणार आहोत समुद्राकाठच्या तोफांबद्दल. परभणी जिल्ह्यात समुद्र कुठून आला, असं म्हणाल. पण मुंबईच्या प्रदर्शनात माल विकायला गेलो होतो, तेव्हा एक दिवस काढून आम्ही घारापुरीला जाऊन आलो. तेव्हापासून गटाच्या बैठकीत बारवेचा विषय निघाला की घारापुरीचाही निघतोच.

गेटवेवरून लाँचनं तासभर लागतो. लेणी बघून बहुतेक माणसं माघारी फिरतात. आणखी वर टेकडी चढून गेलं, की दोन अजस्र तोफा दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी मुंबई बंदराच्या राखणीसाठी त्या बसवल्या. खाली जमिनीत अंधाऱ्या खोल्या आहेत.

तोफ स्वतः काही बघत नाही. कुठं, किती लांब मारा करायचा हे सांगणारी माणसं वेगळ्या जागी, उंचावर दुर्बीण लावून बसत. त्यांचा हिशेब आपल्याला सहज कळण्यासारखा आहे. दुर्बीण पाण्यापासून किती उंच आहे हे आधीच ठाऊक असायचं. जहाज लांब असेल तर दुर्बीण थोडीच खाली झुकवावी लागते, जवळ आलं की जास्त. उंची आणि झुकाव, दोन्हींवरून अंतर निघतं. पण भरती-ओहोटीनं पाणी वर-खाली होतं, म्हणजे उंचीही बदलते. ती दुरुस्ती केली नाही, तर गोळा भलतीकडंच! आमच्या गटाच्या सचिव म्हणाल्या, व्याजाची नोंद एक दिवस चुकली की आपलंही असंच होतं.

हा सगळा खटाटोप उगाच नव्हता. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डन नावाच्या जर्मन युद्धनौकेनं मद्रासवर गोळे टाकून तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. मुंबईवर त्या युद्धात तसा मारा झाला नाही.

मुंबईतच, मलबार हिलच्या राजभवनाखाली, २०१६ साली अशीच एक जागा सापडली. जुनी माणसं भुयाराचं सांगत होती, म्हणून भिंत फोडून बघितलं, तर आत तब्बल १३ खोल्या! कुठं गोळ्यांची कोठी, कुठं काडतुसांची, गोळे वर चढवायची लिफ्ट, वर्कशॉप, आणि तोफखान्याची मुख्य खोली, ‘सेंट्रल आर्टिलरी रूम’. हवा-उजेडाची सोय होती, पाण्याचा निचराही होता. २०१९ साली तिथं संग्रहालय झालं, राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. चांगलंच झालं. राजभवनाच्या पोटात असल्यावर झाडलोटीला माणूसही मिळतो आणि पैसाही.

घारापुरीच्या टेकडीचं तसं नाही. तोफा टिकल्या त्या बहुधा उचलून नेणं कुणाला परवडलं नाही म्हणून, असं आम्हाला वाटतं. आणि खाली राहणाऱ्या माणसांचं बघा. मुंबई समोर दिसते, पण बेटावर कायमची वीज आली २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. तिथल्या बाया पायऱ्यांवर काकडी, कैरी, चिंचा विकतात. दिवसभर त्या जागेवर डोळा कुणाचा असतो, तर त्यांचा.

आता आपली बारव. चक्राकार पायऱ्यांची अशी बारव दुसरीकडं बघायला मिळणं अवघड. गाळानं भरलेली ही बारव गावानं अंगमेहनतीनं मोकळी केली. लांबून लोक बघायला येतात, फोटो काढतात, नि निघून जातात. चहासुद्धा दुसऱ्या गावात जाऊन पितात! दगडाच्या सांध्यातून गवत परत डोकं काढतंय, पाण्याच्या बाटल्या पडतायत. उपसायला एकदा सगळं गाव उतरलं, पण दर महिन्याला कोण उतरणार?

आमचं म्हणणं असं की, महिन्याच्या सफाईचं काम गटांकडं द्यावं, त्याची मजुरी ठरवावी. सांध्यातलं गवत कसं काढायचं, ते जाणकाराला विचारून घेऊ, नाहीतर मुळासकट उपटताना दगडच हलायचा. बारवेपासून थोडं अंतर सोडून शेंगदाणा चटणी, पापड, चहा विकायला दोन टपऱ्यांची जागा द्यावी. आणि दहावी-बारावी झालेल्या आपल्या दोन मुलींना बारव दाखवायला तयार करावं.

येत्या ग्रामसभेत हा अर्ज आम्ही मांडणार आहोत. मागच्या वेळी विषय निघेपर्यंत बाया स्वयंपाकाला उठून गेल्या होत्या, म्हणून या वेळी अर्ज आधीच देणार आहोत. प्रत्येक गटातून निदान दोघी या, आणि गटाचं रजिस्टर बरोबर आणा.