सिलिंडरच्या आत काय जळतं?

एलएनजी म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या अनेक जहाजांची इंजिनं दोन इंधनांवर चालतात. सिलिंडरमध्ये हवा आणि नैसर्गिक वायूचं मिश्रण दाबलं जातं. पण वायूतला मिथेन नुसत्या दाबानं सहजी पेट घेत नाही. म्हणून अगदी थोडं डिझेल फवारतात. ते आपोआप पेटतं आणि वायूलाही पेटवतं.

हे सारं काही सहस्रांश सेकंदांत, पोलादी भिंतींआड घडतं. ते समजून घ्यायला संगणक कामी येतो. सिलिंडरमधल्या जागेचे लाखो सूक्ष्म कप्पे कल्पून प्रत्येकातलं तापमान, दाब आणि वायूचा वेग क्षणाक्षणाला गणितानं काढला जातो. खरी कसोटी रसायनशास्त्राची! नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी प्रसिद्ध असलेल्या 'जीआरआय-मेक ३.०' या प्रतिमानात ५३ रासायनिक घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत, आणि त्यात डिझेल धरलेलंच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधल्या चिंचोळ्या फटीत ज्योत विझते, आणि न जळलेला मिथेन धुराबरोबर निसटतो. वजनास वजन धरलं, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. स्वच्छ म्हणून निवडलेल्या इंधनाचा फायदा असा हातचा जातो. मला संगणकावरच्या या कामाचं मोल वाटतं ते इथेच. पिस्टनच्या माथ्याचा आकार किंवा डिझेल फवारण्याचा क्षण बदलून पाहण्यासाठी दर वेळी नवं इंजिन घडवावं लागत नाही. मात्र प्रत्यक्ष इंजिनात मोजलेल्या दाबाशी जुळेपर्यंत पडद्यावरच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.