उतारवयात परतीची वाट



परदेशात रमलेली माणसं उतारवयात घरी का परततात?

आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे घ्या.
क्रांतिकार्यापायी तरुणपणीच देश सुटला.
मेक्सिकोत ते शेतीचे प्राध्यापक झाले.
मक्यावर त्यांनी मोलाचं संशोधन केलं.
दिएगो रिवेरासारख्या थोर चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं.

मान होता, संसार होता.
तरी देश स्वतंत्र झाल्यावर, साठी ओलांडून ते परतले.
नागपुरात राहिले.
१९६७ मध्ये तिथंच त्यांनी देह ठेवला.

ओढ आपल्या माणसांची, आपल्या बोलीची.

आजही तेच.
तिकडे मुलं कामावर, दुपारभर घर मुकं.
दुखणं आलं, तर ते परक्या भाषेत सांगायचं.

इथं समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारला उतरलं, की टपरीवर चहा पुढं करत कुणीतरी विचारतं,
“कवा आले, बाप्पा?”

ओढ असते ती याच बोलीची.