इंडिकेटरखाली भेटू
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं, "आयटीतला अनुभव सांग, पाच मिनिटं." आयटीवर मी फारसं बोलणार नाही. गेल्या श्रावणात एका शनिवार-रविवारी मी मुंबईला गेले होते, ते सांगते.

इंजिनिअरिंगला होस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी चार वर्षं राहिलो. एक वयाने थोडी मोठी, तिला सगळे अक्का म्हणायचे. ती आता डोंबिवलीला असते, दुसरी मुलुंडला आणि मी पुण्यात. गाडीने तीन-साडेतीन तासांचं अंतर, पण तिघी एकत्र भेटून सहा वर्षं झाली होती. ग्रुपवर गुड मॉर्निंग मात्र रोज, न चुकता.

सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. घाटात धबधबे कोसळत होते, लोक खिडकीतून फोटो काढत होते. मी मनातल्या मनात घोकत होते, काय सांगायचं आणि काय नाही. कारण चार महिन्यांपूर्वी कंपनीने मला नारळ दिला होता. सतरा वर्षांची नोकरी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर संपली. दुपारी माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला. हे नवऱ्याला आणि मुलीला माहीत होतं. आईला नाही, सासरी नाही, मैत्रिणींनाही नाही.

सीएसएमटीला दोघी ठरल्याप्रमाणे इंडिकेटरखाली उभ्या होत्या. तिथून चालत धोबीतलावच्या कयानीत गेलो. १९०४ सालचं ते इराणी हॉटेल. चहात ब्रून मस्का बुडवत दोन तास बसलो. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला भरती होती, लाटा कठड्यावरून अंगावर येत होत्या. तेवढ्यात अक्का म्हणाली, "आज तुझा कॉल नाही का गं? माझ्या लेकाच्या मुंजीत मांडवामागे लॅपटॉप उघडून बसली होतीस!"

"सुट्टी टाकलीय," मी म्हटलं. सगळ्या हसलो.

रात्री लोकलने डोंबिवली गाठली. अक्काच्या हॉलमध्ये खाली गाद्या घातल्या, होस्टेलसारख्या. दिवा मालवल्यावर मी म्हटलं, "सुट्टी नाही टाकलेली. नोकरी गेलीय." उजेडात ते माझ्याने बोलवलं नसतं.

अक्काने विचारलं, "किती महिने झाले?"

"चार."

"घराचा हप्ता?"

"साठलेल्या पैशांतून भरतोय. दिवाळीपर्यंत पुरेल."

मग मुलुंडची उठून बसली. म्हणाली, "मी कन्सल्टिंग करते असं तुम्हाला सांगते ना, तसं काही नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली. आता आठ वर्षं होतील." आठ वर्षं, मंडळी! आणि रोज आम्ही एकमेकींना सूर्यफुलं पाठवत होतो.

२००२ मध्ये आम्ही पास झालो, तेव्हा अमेरिकेतली डॉटकॉमची मंदी इथवर पोचली होती. कॅम्पसमध्ये निवड झालेल्यांच्याही जॉइनिंगच्या तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. आम्ही तिघी पुण्यात एका खोलीत राहून मुलाखती देत होतो. अक्का शिकवण्या घ्यायची आणि तिघींच्या डब्याचे पैसे भरायची. तेव्हा बेकारीची लाज वाटली नाही, कारण तिघी एकाच खोलीत होतो. आता वेगवेगळ्या घरांत राहून प्रत्येकजण आपापली लाज सांभाळत होती.

रविवारी सकाळी पोहे खाता खाता दोघींनी माझा बायोडेटा काढायला लावला. चार पानं होती. "आता कोणी वापरत नाही ते आधी काढ," अक्का म्हणाली. दुपारपर्यंत दोन पानं झाली. मुलुंडच्या मैत्रिणीचा बायोडेटा मात्र कोऱ्या पानावर नव्याने लिहिला. संध्याकाळी कल्याणहून मी पुण्याची गाडी पकडली.

पुढे दीड महिन्याने मला कंत्राटावर काम मिळालं. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण हप्ता जातो. तिचं अजून जमलेलं नाही, प्रयत्न चालू आहेत. आईला मात्र मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, हल्ली दुपारी फोन उचलतेस."

आता आपल्याबद्दल. आज दारात परिचयाचा कागद दिला, त्यात नावापुढे 'सध्याचे पद' असा रकाना आहे. मी सवयीने जुनंच पद लिहिलं, मग खोडलं. आपल्या वर्गात आपण ५८ होतो, आज ३१ आलो आहोत. उरलेल्यांतल्या काहींना खरंच वेळ नसेल. पण त्या रकान्यात काय लिहावं, हे न सुचल्यामुळेही कोणी घरी थांबलं असेल. चार महिने मी तशीच थांबले होते.

संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी तो रकाना काढून टाका. आणि न आलेल्यांची यादी जेवणाच्या वेळी टेबलावर ठेवा. प्रत्येकाने एक नाव घ्यावं आणि दिवाळीच्या आत त्या घरी जाऊन यावं. मेसेज नको, जाऊन यायचं. जमलं तर रात्री मुक्काम करायचा.

मी माझं नाव निवडलं आहे. सहावीपासून माझ्या बाकावर बसणारी ती. तिला कालच फोन केला. म्हणाली, "ये, पण घर लहान आहे गं."

मी म्हटलं, "खाली गादी घालू."