जुन्या बाटलीची पारख

मद्य जितकें जुनें तितकें उत्तम, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. वडीलधाऱ्या माणसाच्या पश्चात् घरांतील कपाट आवरतांना एखादी विस्मृत बाटली हातीं लागते, आणि ती ठेवावी, पाहुण्यांपुढें मांडावी कीं मोरींत रिकामी करावी, असा प्रश्न पडतो. त्याचें उत्तर केवळ बाटलीच्या वयावरून देतां येत नाहीं. आंतील द्रव कोणत्या जातीचा, बूच कितपत घट्ट आणि बाटली कोठून आली, हें पाहावें लागतें.

व्हिस्की, ब्रँडी, रम हीं ऊर्ध्वपातनानें काढलेलीं मद्यें होत. त्यांत शेंकडा चाळीसच्या आसपास मद्यार्क असतो, आणि इतक्या तीव्र द्रवांत जंतु वाढत नाहींत. हीं मद्यें मुरतात तीं लांकडी पिंपांत, कांचेंत नव्हे. बारा वर्षें पिंपांत मुरलेली व्हिस्की पुढें पन्नास वर्षें बाटलींत राहिली तरी ती बारा वर्षांचीच राहते. शॅकल्टन यांच्या १९०७ सालच्या दक्षिण ध्रुव मोहिमेंतील व्हिस्की केप रॉइड्स येथील झोंपडीखालीं बर्फांत गोठून पडली होती. २०१० सालीं ती बाहेर काढून पुढें स्कॉटलंडमध्यें तपासण्यांत आली, तेव्हां तिच्यांत शेंकडा ४७ हून किंचित् अधिक मद्यार्क शाबूत आढळला.

केवळ आंबवून केलेल्या द्राक्षासवाची गोष्ट निराळी. २०१० सालींच बाल्टिक समुद्रांत ऑलंड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजांत शँपेनच्या १६८ बाटल्या सांपडल्या. सुमारें १७० वर्षांनंतरहि त्यांतील कांहीं चाखण्याजोग्या निघाल्या, त्याचें श्रेय तळाच्या अंधारास आणि थंडीस. आपल्याकडील कपाटांत याच्या नेमकें उलट घडतें. उन्हाळ्यानें बूच सुकतें, हवा आंत शिरते आणि आसवाचा शिरका होतो. तो विषारी नसतो, पण आसवहि उरत नाहीं. दूध वा साय घातलेलीं गोड मद्यें मात्र मुदत उलटल्यावर टाकूनच द्यावींत.

खरा धोका जुनेपणांत नसून अन्यत्र आहे. शिसें मिसळलेल्या चकचकीत कांचेच्या सुरईंत मद्य दीर्घकाळ राहिल्यास तें शिसें मद्यांत उतरतें, हें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील संशोधनानें दाखविलें. अशा सुरईंत वर्षानुवर्षें राहिलेलें मद्य पिऊं नये.

याहून भयंकर तें मेथिल अल्कोहोल. तें मोहोरबंद बाटलींत वयामुळें निर्माण होत नाहीं. सदोष गाळणीमुळें किंवा भेसळीनें येतें. २०१५ सालीं मुंबईंतील मालवणी येथें अशा दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. रंगावरून वा वासावरून तें ओळखतां येत नाहीं. थोड्या मात्रेनेंहि दृष्टि जाते. शिवाय रिकाम्या बाटलींत रॉकेल, टर्पेंटाइन किंवा कीटकनाशक भरून ठेवण्याची संवय आपल्या घरांत नवी नाहीं.

यास्तव मोहोर अभंग, लेबल स्पष्ट आणि द्रवाची पातळी फारशी उतरलेली नाहीं अशी व्हिस्की वा ब्रँडी केवळ वयामुळें विषारी झाली असें मानण्याचें कारण नाहीं. अर्थात् मद्याचे मूळचे दुष्परिणाम जुनेपणानें यत्किंचितहि कमी होत नाहींत. परंतु लेबल नसलेली, मोहोर फुटलेली किंवा कोणी पुन्हां भरलेली बाटली जिभेवर थेंब घेऊन पारखूं नये. ती फेंकून द्यावी. चुकून कोणी प्यालेंच, आणि डोळ्यांपुढें धुकें आलें वा पोटांत कळा येऊं लागल्या, तर नशा उतरण्याची वाट न पाहतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें आणि ती बाटलीहि बरोबर न्यावी.