हंसण्यावारी नेऊं नये म्हणून



एखादी गोष्ट गंभीरपणें न घेतां उडवून लावणें, यास आपल्या भाषेंत ‘हंसण्यावारी नेणें’ असें म्हणतात. आज मला जें सांगावयाचें आहे तें याच्या अगदीं उलट वाटेल. पृथ्वीच्या हवामानांत होत असलेला बदल लोकांनीं हंसण्यावारी नेऊं नये, म्हणून त्यांना हंसवावें, असा एक प्रयत्न गेलीं कांहीं वर्षें अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर चालला आहे. त्याचें बरेंवाईट आपल्यापुढें मांडावें, एवढाच माझा हेतु आहे.

विषय किती गंभीर आहे, हें प्रथम थोडक्या आंकड्यांनीं सांगतों. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारें २८० भाग होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा व खनिज तेल यांचें ज्वलन हें त्याचें मुख्य कारण. परिणामीं २०२४ सालीं पृथ्वीचें सरासरी उष्णमान त्या जुन्या काळाच्या मानानें सुमारें दीड अंश सेल्सिअसनें अधिक भरलें. ही वार्ता नवी नाहीं. जेम्स हॅन्सेन या शास्त्रज्ञानें १९८८ सालीं अमेरिकेच्या सेनेटपुढें ती स्पष्ट शब्दांत सांगितली, त्यास तीन तपें उलटून गेलीं. मग ती लोकांच्या मनांत कां उतरली नाहीं? एक कारण असें कीं, सतत भय दाखविलें म्हणजे माणूस कानांवर हात ठेवतो. शिक्षकाला हा अनुभव रोजचा आहे. छडी उगारली कीं मुलगा छडीकडे पाहतो, फळ्याकडे पाहत नाहीं.

आतां विनोदानें काय केलें तें पाहूं. तिकडील वृत्तवाहिन्यांची रीत अशी होती कीं, हवामानावर चर्चा करावयाची तर एका बाजूस एक शास्त्रज्ञ व दुसऱ्या बाजूस एक संशयवादी बसवावयाचा. पाहणाऱ्यास वाटावें, विद्वानांचीं मतें निम्मीं-निम्मीं आहेत! वस्तुतः २०१३ सालीं शास्त्रीय निबंधांची जी मोठी छाननी प्रसिद्ध झाली, तींत तापमानवाढीच्या कारणाविषयीं मत देणाऱ्या निबंधांपैकीं शेंकडा ९७ निबंधांनीं ती मनुष्यकृत असल्याचें मान्य केलें होतें. असल्या खोट्या समतोलावर मॅक्सवेल व ज्यूल्स बॉयकॉफ यांनीं २००४ सालींच प्रबंध लिहिला होता; परंतु प्रबंध वाचणारे किती?

मे २०१४ मध्यें जॉन ऑलिव्हर या विनोदकारानें आपल्या कार्यक्रमांत ‘प्रमाणशीर वाद’ घडवून आणला. संशय घेणारे तीन बसविले. आणि समोर विज्ञानप्रसारक बिल नाय यांच्या मागोमाग आणखी ९६ जण आंत सोडले. असा घोळका जमला, असा गलका झाला, कीं कोणाचेंच बोलणें ऐकूं येईना. शेंकडा ९७ हा आंकडा आपण वाचतों आणि विसरतों. पण तो डोळ्यांदेखत दारांतून आंत शिरला म्हणजे विसरतां येत नाहीं.

यानें खरोखर कांहीं साधतें काय? पॉल ब्रूअर व जेसिका मॅकनाइट या संशोधकांनीं हाच प्रवेश लोकांस दाखवून पाहिला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, तो पाहणाऱ्यांची तापमानवाढीविषयींची खात्री वाढली, आणि ज्यांस विज्ञानाची गोडी कमी त्यांच्यावर तिचा परिणाम अधिक दिसला. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें, तर धडा शेवटच्या बांकापर्यंत पोंचला. पुढें २२ सप्टेंबर २०२१ रोजीं स्टीव्हन कोल्बेर, जिमी किमेल, ट्रेव्हर नोआ, समँथा बी प्रभृति सात कार्यक्रमांच्या सूत्रधारांनीं, एरवींची स्पर्धा बाजूस ठेवून, एकाच रात्रीं हा विषय घेतला.

परंतु हें शस्त्र दुधारी आहे. ‘साउथ पार्क’ या व्यंगचित्रमालिकेनें २००६ सालीं अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष ॲल गोर यांची थट्टा केली. गोर हवामानाचा धोका सांगत हिंडत होते. मालिकेंत ते माणूस, अस्वल व डुक्कर यांच्या मिश्रणानें झालेल्या एका काल्पनिक राक्षसाची भीति घालीत फिरणारे वेडगळ गृहस्थ म्हणून दाखविले. बारा वर्षांनीं, २०१८ सालीं, त्याच मालिकेंत तो राक्षस खराच निघाला, आणि तिच्यांतील मुलांना गोर यांची क्षमा मागावी लागली. कर्त्यांचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. पण मधल्या बारा वर्षांत जो धूर हवेंत गेला, तो क्षमा मागून परत येत नाहीं.

ही हकीकत कळली तेव्हां मला माझाच एक अपराध आठवला. तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. भूगोलाच्या तासाला एका मुलानें विचारलें, “गुरुजी, बर्फ वितळलें तर समुद्र आपल्या गांवांत येईल का हो?” मीं म्हटलें, “मग तूं आतांपासून पोहायला शीक!” वर्ग खदखदां हंसला, मीहि हंसलों. त्या मुलानें वर्षभर पुन्हां प्रश्न विचारला नाहीं. खरें सांगावयाचें तर मला उत्तर ठाऊक नव्हतें, आणि तें झांकण्यासाठीं मीं विनोदाचा पडदा ओढला होता.

उत्तर असें होतें. समुद्रावर तरंगणारें बर्फ वितळल्यानें पाणी फारसें चढत नाहीं. ग्रीनलंड, अंटार्क्टिका व उंच पर्वत येथील जमिनीवरचें बर्फ वितळून समुद्रास मिळालें कीं चढतें. शिवाय तापलेलें पाणी फुगतें, तें निराळेंच. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर वाढली. मुलाचा प्रश्न शहाणपणाचा होता. विनोद मूर्खपणाचा होता.

तेव्हां कसोटी मला अशी वाटते कीं, विनोदानें प्रश्न उघडला कीं मिटविला हें पाहावें. आपल्याकडेहि हंसवून शिकविण्याची परंपरा जुनी आहे. एकनाथांनीं भारुडांतून परमार्थ सांगितला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून रूढींचें वेडगळपण उघडें केलें. त्या हंसण्यांत ऐकणाऱ्यास व वाचणाऱ्यास आपलेंच तोंड दिसे. म्हणून गारपिटीनें ज्याची बाग झोडपली तो शेतकरी विनोदाचा विषय नव्हे. उकाड्याच्या नांवानें कुरकुरत खोली थंड करण्याचें यंत्र आणखी दोन अंश खालीं आणणारे आपण नागरिक मात्र खचित आहोंत.

आज घरोघरीं रात्रीच्या जेवणाबरोबर मराठी विनोदी कार्यक्रम पाहिले जातात. त्यांच्या लेखकांनीं हा विषय अवश्य हातीं घ्यावा. आणि गृहस्थहो, तो कार्यक्रम पाहून आपल्या मुलानें कांहीं विचारलें, तर हंसून वेळ मारून नेऊं नका. उत्तर ठाऊक नसेल तर “मला ठाऊक नाहीं, दोघे मिळून शोधूं” असें म्हणा. एवढें मला त्या तासाला सुचलें असतें, तर एका मुलाचा प्रश्न वांचला असता.